एकशे वीस तास

आमच्या हाताखालून दहावी झालेला एक मुलगा रमजानमध्ये तरावीहनंतर घरी आला. तेव्हा तो एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता. चहा झाला तरी बोलेना. शेवटी म्हणाला, "सर, शाळेच्या लेटरहेडवर एक दाखला हवा होता. मोठ्या सरांना तुम्ही सांगितलं तर होईल."

राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत २०२३-२४ पासून 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले आहे. ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचे आणि तिथला सही-शिक्का कॉलेजात द्यायचा. कल्पना चांगली आहे. पण मिरजेत याला कोणी दारात उभे करीत नव्हते आणि वर्गातल्या काहींनी पैसे मोजून दाखले आणले होते. शाळेच्या ऑफिसात याने १२० तास हिशेब लिहिले, एवढेच आम्ही लिहवून द्यायचे होते.

खरे सांगायचे तर आमच्या तोंडून लगेच 'नाही' निघाले नाही. आमच्या वेळी बी.एड. एक वर्षाचे होते. २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले आणि शाळेत राहून शिकण्याचा काळही वाढला. आमच्या त्या वर्षात सराव पाठ उरकण्याची अशी घाई की आमचे दोन पाठ वर्गापर्यंत पोहोचलेच नाहीत. टाचण सुवाच्य होते, सही मिळाली. ते दोन पाठ आम्ही पुढे नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो, पंचावन्न मुलांच्या नुकसानीवर.

"अब्बांच्या कारखान्यात का नाही करत?" आम्ही विचारले.

तो हसला. "घरचं काम चालत नाही म्हणतात. आणि सर, तुम्हीच तर मला तिथून काढलं होतं."

हे खरे होते. त्याचे वडील सतारी बनवतात. मिरजेत हा हुनर शिकलगारांच्या घरांत दीडशेहून अधिक वर्षे आहे. हत्यारांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळलेला भोपळा भिजवून, कापून, आकार देऊन त्यावर लाकूड चढते. दांडी, पडदे, पॉलिश हे सगळे पाहून शिकता येते. पण शेवटी घोडी घासून जवारी काढायची, तिथे डोळ्यांचे काम नाही. तार छेडायची, ऐकायचे, दोन हात घासायचे, पुन्हा ऐकायचे. एक घासणी जास्त झाली की आवाज गेला. हा मुलगा नववीत असताना घोडीपर्यंत पोहोचला होता. बोटांना सरस चिकटलेला असायचा आणि गणितात मार्क कमी. आम्ही त्याच्या अब्बांना शाळेत बोलावून सांगितले, "याला कारखान्यातून काढा, आयुष्य बनवू द्या." त्यांनी मान डोलावली आणि काढले. शिक्षकाचा शब्द आमच्या लोकांत अजून असा मानतात, याची कधी कधी भीती वाटते.

गंमत अशी की बी.एड.ला आम्ही 'नई तालीम'वर लांबलचक उत्तर लिहिले होते. ऑक्टोबर १९३७ ची वर्धा परिषद, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती, हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा, सगळे पाठ होते. (त्याच महिन्यात अब्दुल करीम खाँसाहेब गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. ते परीक्षेत विचारत नाहीत.) जामियाचे ते उस्ताद मूल हाताने शिकते म्हणत होते आणि त्याच उत्तराचे मार्क घेऊन नोकरीला लागलेलो आम्ही मुलाचा हात काढून घेत होतो.

दाखला आम्ही दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कॉलेजात गेलो. तिथले प्राध्यापक आधी नियमच वाचत राहिले. त्याच्या चुलत्यांचे वाद्यांचे दुकान आहे, जीएसटी नंबर आहे, असे कळल्यावर तयार झाले. विषय ठरला : एका सतारीचा उत्पादन खर्च. सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती बनवायला किती पडते हे त्याच्या घरात कोणी कागदावर मांडले नव्हते.

ईदनंतर त्याने वही दाखवायला आणली. भोपळा, लाकूड, तारा, पॉलिश, वाहतूक, सगळे रकाने भरलेले. मजुरीत अब्बांचे एकवीस दिवस धरले होते. व्यापाऱ्याने दिलेल्या भावातून ते वजा केले तर हाती जवळजवळ काही उरत नव्हते. "अब्बांना दाखवलंस?" "दाखवलं. गप्प बसले. मग म्हणाले, व्यापारी येईल तेव्हा तू बस समोर."

जवारीचा रकाना मात्र कोरा होता. किती तास, काय दर, अब्बांना सांगता येईना. "पुन्हा येऊन बस, मग तूच लिही," एवढेच ते म्हणाले. हल्ली तो रविवारी बसतो.