टाकी कुठे रिकामी होते?

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या सातवीच्या वर्गाला घेऊन मी मांडवी नदीत संध्याकाळच्या बोटीवर गेलो होतो. पणजीच्या धक्क्यावरून बोट सुटली. एका बाजूला बेतीचे दिवे, समोर आग्वादचा डोंगर. मुले खूश होती. तेवढ्यात एक मुलगी खालच्या मजल्यावरून आली आणि तिने मला हळूच विचारले, "सर, बोटीच्या शौचालयातलं पाणी कुठे जातं?"

मी तिला म्हटले, "जात असेल कुठेतरी. तू सूर्यास्त बघ." खरे म्हणजे मला उत्तर माहीत नव्हते, आणि माहीत नाही असे सांगण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न वर्गात आला. कोणीतरी आमच्याच वर्गातल्या एका मुलाकडे वळून म्हणाले, "ह्याचे बाबा बोटीवरच आहेत. तेच नदी घाण करतात!" मुलगा काही बोलला नाही. त्याने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. मी मुलांना रागावलो खरा, पण ती मान मला दिवसभर दिसत राहिली. कारण माझे बाबाही एका लाँचवर खलाशी होते.

त्या रात्री बाबांना विचारले. 1986 च्या जुलैमध्ये मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा माणसांनी भरभरून जाणाऱ्या बोटींवर त्यांनी काम केलेले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सगळं नदीतच सोडायचो. इंजिनाखालचं तेलकट पाणीसुद्धा बादलीने उपसून नदीतच. नदी केवढी मोठी, आमची बोट केवढीशी! असं वाटायचं." आणि जरा थांबून, "त्याच नदीतल्या तिसऱ्या तुझी आई आणायची."

तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळूनच आपले अन्न मिळवतात. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर ते त्यांच्या अंगात साठतात आणि पुढे आपल्या ताटात येतात. "नदी मोठी आहे" हेही पुरते खरे नाही. पावसाळ्यात वरून आलेले गोडे पाणी सगळे समुद्राकडे लोटते. पण पाऊस सरला की वरचा प्रवाह आटत जातो आणि खालच्या भागात राज्य चालते ते भरती-ओहोटीचे. ओहोटीला गेलेले पाणी भरतीला बरेचसे परत येते. नेमका तोच पर्यटकांचा हंगाम!

मग मी आणि मुलांनी मिळून कायदा वाचायला घेतला. समुद्रावरील जहाजांसाठी मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याची मैलापाण्याविषयीची नियमावली 2003 मध्ये लागू झाली. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत सोडायचा नाही, असे ती सांगते. पण ती देशोदेशी जाणाऱ्या जहाजांसाठी. तासाभरात परत धक्क्याला लागणारी आमची बोट तिच्यात बसत नाही. नदीतल्या बोटींसाठी आपल्याकडे 1917 चा जुना कायदा होता. त्याच्या जागी 2021 मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. बोटीने पाणी दूषित करू नये, हे तर त्यात आहेच. शिवाय प्रवासी धक्के चालवणाऱ्यांनी बोटींवरचे मैलापाणी आणि तेलकट पाणी उतरवून घेण्याची सोय करावी, असेही त्यात म्हटले आहे.

हे वाचून दाखवल्यावर बाबा पटकन म्हणाले, "खरी मेख तीच! टाकी बसवाल, पण ती रिकामी कुठे करणार?"

मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला. समजा बोटीवर शंभर माणसे आहेत, त्यांतली निम्मी शौचालयात गेली आणि दर वेळी सहा लिटर पाणी लागले, तर एका फेरीला 300 लिटर. दोन फेऱ्यांना 600. हजार लिटरची टाकी दुसऱ्या संध्याकाळी भरून वाहणार. धक्क्यावर पाणी खेचून घेणारा पंप नसेल आणि टँकरही वेळेवर आला नाही, तर खलाशाने काय करायचे?

तेव्हा तो गप्प राहणारा मुलगा पहिल्यांदा बोलला. "आमच्या बोटीला टाकी आहे, सर. बाबा म्हणतात, टँकर आला नाही की मालकाला तीन-तीनदा फोन करावा लागतो." वर्ग शांत झाला. आदल्या आठवड्यात ज्याने टोमणा मारला होता, त्यानेच विचारले, "मग टँकरची नोंद कोण ठेवतं?"

मला वाटते, त्या दिवशी आम्ही सगळेच एक पायरी वर चढलो. अमेरिकेतील अलास्का राज्याने 2001 मध्ये प्रवासी जहाजांच्या सांडपाण्यासाठी कायदा केला, तेव्हा 50 ते 249 प्रवाशांच्या मुक्कामाची सोय असलेली लहान जहाजेही त्यात घेतली. लहान जहाजावर मोठी यंत्रे बसवायला जागा नसते, हे ओळखून त्यांना वेगळी वाट दिली, पण मोकळे सोडले नाही. लहान म्हणून सूट नको आणि लहान म्हणून शिक्षाही नको. आधी सोय, मग नोंद, मग तपासणी आणि त्यानंतर दंड, हा क्रम मला न्यायाचा वाटतो. खलाशाला दोष देणे सोपे असते, कारण तो समोर दिसतो. धक्क्यावर नसलेला पंप कोणाला दिसत नाही.

मुलांनी संबंधित खात्याला पत्र लिहिले. त्यात तीनच प्रश्न होते. धक्क्यावर मैलापाणी उतरवण्याची सोय कुठे आहे? प्रत्येक बोटीची टाकी कधी रिकामी झाली याची वही कोण तपासते? आणि ते पाणी शेवटी शुद्धीकरण प्रकल्पात पोहोचते का? उत्तर अजून आलेले नाही. पावसाळा संपला की मुले स्मरणपत्र पाठवणार आहेत.

पत्रावर सही करताना ती मुलगी म्हणाली, "सर, आपल्या शाळेच्या शौचालयाची टाकी शेवटची कधी उपसली?" या वेळी मी सूर्यास्त दाखवला नाही. कार्यालयात जाऊन विचारले. नोंद सापडली नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींना या अंकातून नम्र विनंती आहे की एक साधी वही घालावी. टाकी कधी उपसली, कोणी उपसली, गाडी कुठे रिकामी झाली, एवढेच त्यात लिहायचे. पहिली नोंद करायला सातवीचा वर्ग तयार आहे. बोटवाल्यांना वही मागणाऱ्या शाळेकडे स्वतःची वही असायला हवी.