नहाणी ट्रॅप आणि दाभोळची फेरीबोट

सोमवार, ८ जुलै २०२४

बेडरूमच्या छतावरची ओल आज ट्यूबलाइटच्या पट्टीपर्यंत पोचली. पहिल्या पावसात ती कोपऱ्यात रुपयाएवढी होती. ओल पावसाची नाही, वरच्या बाथरूमची आहे, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. डाग नेमका त्यांच्या बाथरूमखाली आहे आणि पाऊस उघडला तरी वाढतो. वरचे मालक बंगळुरूला असतात. फोनवर अतिशय सभ्यपणे म्हणाले, "पाणी आमचंच आहे, याची आधी खात्री करून घ्या ना." जणू पाण्याला आडनाव असतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, हा दोन फ्लॅटमधला प्रश्न आहे, सोसायटीचा नाही. वर राहणारी कॉलेजची पोरं सगळ्यांत गोड. "काकू, आम्ही अंघोळ पटकन उरकतो."

प्लंबर अकराला येणार होता. अकराला म्हणाला, "निघालोच." एकला फोन उचलला नाही. चारला म्हणाला, "मॅडम, कर्वे रोडला ट्रॅफिक आहे." संध्याकाळी फोन बंद. तो येईल म्हणून मी दिवसभर घराबाहेर पडले नाही. सासूबाईंचे रक्ताचे रिपोर्ट आणायचे राहिले, लायब्ररीचं पुस्तक राहिलं. हॉलमध्ये कपड्यांचे दोन स्टँड पंख्याखाली उभे आहेत. टॉवेलांना कुबट वास येतोय. माणसं टीव्ही बघतात ती चादरीच्या फटीतून.

गुरुवार, ११ जुलै

तिसरा स्टँड आणायला जागा नाही, म्हणून पॅसेजमध्ये दोरी बांधायचं ठरवलं. खुंट्या होत्या, दोरी नव्हती. माळ्यावरच्या सायकलच्या पिशव्यांत हूकवाले रबरी दोर आहेत हे आठवलं आणि स्टुलावर चढले. ते उत्तम ताणून बसले. आता त्यांच्यावर सासूबाईंची नऊवारी वाळते आहे. २०१६च्या जानेवारीत याच दोरांनी आमची अंथरुणं कॅरिअरला बांधलेली होती.

चौघी होतो. डॉक्टर, जिला आम्ही अजून डॉक्टरच म्हणतो, शाळेतल्या बाई, माझी भाची, वय चोवीस, आणि मी. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग म्हसळा, श्रीवर्धन आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून थेट गोव्यापर्यंत. पन्नाशीच्या आसपासच्या तीन बायका सायकलवर निघाल्या म्हटल्यावर घरोघर जे बोललं जातं ते सगळं बोलून झालं होतं.

नकाशात हा रस्ता सपाट दिसतो. समुद्राकाठचा, म्हणजे चढ कुठला, असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात कोकणात किनाऱ्याला धरून सायकल चालवणं म्हणजे दिवसभर जिना चढ-उतार करणं. गाव खाली, खाडीच्या तोंडाशी; दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा. गाव सोडलं की चढ, सड्यावर रणरणतं ऊन, पुन्हा घसरत खाली, पुन्हा नारळी-पोफळी आणि पुन्हा चढ. खाडी आली की रस्ताच संपतो. सावित्रीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड, सगळीकडे फेरीबोट. त्यातली बागमांडल्याची मला सगळ्यांत लख्ख आठवते, कारण तिथे काहीच घडलं नाही. बोट पलीकडे अडकली होती. धक्क्यावर दोन ट्रक, एक लग्नाची जीप, आम्ही. उकडलेल्या शेंगा घेतल्या आणि पाय लांब करून बसलो. किती वेळ बसलो ते कुणी पाहिलंही नाही. बोट कधी येणार हे कुणी कुणाला विचारत नव्हतं, कारण ती सगळ्यांनाच समोर दिसत होती.

प्लंबर दिसत नाही, हाच सगळा घोटाळा आहे.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. खिचडीला फोडणी घातली आणि गॅस संपला. दुसरं सिलिंडर भरलेलं होतं, पण रेग्युलेटर बसेना. जोर लावला, वॉशर पाहिला, पुन्हा लावला. तोवर जिरं करपलं. सासूबाई टीव्हीवर पंढरपूर बघत होत्या; तिथूनच म्हणाल्या, "साबुदाणा भिजला नाही वाटतं नीट?" एकादशी दुप्पट खाशी हे आमच्याकडे तरी पुरुषांपुरतंच खरं आहे. बायकांचा जीव ती करण्यातच जातो.

प्लंबरचा उपास होता. हे निदान खरं कारण.

शनिवार, २० जुलै

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "सायकलवर उन्हातान्हात गेलीस, वाळूत झोपलीस, तेव्हा कुरकुर नाही. आणि आता छतावरच्या एका डागाने एवढी वैतागतेस?" चेष्टेतच म्हणाला. मी आमटी वाढली आणि गप्प बसले. पण हा प्रश्न साधा नाही, म्हणून इथे लिहिते.

वाळूत आम्ही झोपलो नव्हतो, आधी तेवढी दुरुस्ती. पण मुरुडच्या पुळणीवरून सायकली चालवल्या होत्या. म्हणजे दापोलीकडचं मुरुड, जंजिऱ्याजवळचं नव्हे. ओहोटी असली की ओली वाळू कडक होते, चाक रुतत नाही. कर्द्याच्या बाजूला निघालो. मध्ये एक वहाळ आडवा आला, भरती लागलेली, पाणी मांडीपर्यंत. सायकली खांद्यावर घेतल्या, पण भाचीची घसरली आणि अख्खी खाऱ्या पाण्यात बुडली. वर आल्यावर गोड्या पाण्याने धुतली, तेल दिलं. मीठ तरी आपलं काम करत होतंच. बुरोंडीनंतर, कोळथऱ्याचा फाटा सोडून दाभोळच्या रस्त्यावर एका चढाला कट् असा आवाज झाला आणि तिची चेन रस्त्यावर लोंबायला लागली. सूर्य टेकलेला. गाव मागेही दूर, पुढेही दूर.

एका गडग्याला सायकल टेकवली. डॉक्टरकडे चेन-टूल होतं, बोटभर लांबीचं. त्यात चेनची कडी बसवायची आणि मूठ फिरवून आतली पिन बाहेर ढकलायची. ती पूर्ण बाहेर काढायची नाही, हीच सगळी मेख. पिनेचं टोक बाहेरच्या पट्टीत अडकून राहिलं पाहिजे. निसटून पडली तर अंधारात ती परत भोकात बसवणं कठीण. डॉक्टर मूठ अर्धा अर्धा फेरा फिरवत होती, मध्येच थांबून बोटाने चाचपत होती. भाचीने चेनची दोन्ही टोकं ओढून धरली होती, म्हणजे जोडावर ताण येऊ नये. बाई मोबाइलचा उजेड धरून होत्या आणि मोठ्याने मोजत होत्या की दाभोळला शेवटची बोट किती वाजता सुटते आणि आपल्याला किती वेळ लागेल. मी पाणी देत होते, चिक्की मोडून प्रत्येकीच्या तोंडात घालत होते, कारण कुणाचे हात मोकळे नव्हते. तुटलेली कडी काढून टाकली, चेन तेवढी आखूड झाली, पिन परत आत गेली. नवीन जोड ताठ होता. तो आडवा वाकवून वाकवून मोकळा केला. डॉक्टर म्हणाली, मोठ्या दातांचे गिअर टाकू नकोस, आखूड चेन ओढली जाईल.

दाभोळचा उतार अंधारात उतरलो. बोटीवरचा माणूस पुढची फळी वर घेत होता. वरून येणारे चार दिवे दिसले म्हणून थांबला. आमच्या शेजारी कुणाचं तरी नवं स्टीलचं कपाट उभं होतं, आरशासकट. त्या आरशात आम्ही चौघी दिसत होतो, ग्रीसने माखलेल्या. पलीकडे अंजनवेलच्या वीज प्रकल्पाचे दिवे.

आता उत्तर. त्या चढावर अडचण एक होती आणि माणसं चार. कुणी म्हणालं नाही, "चेनकडे तुझं लक्ष कसं नव्हतं?" डॉक्टरला चेन येते म्हणून चेन डॉक्टरची, हिशेब बाईंचा, खाणं माझं. इथे छत, सिलिंडर, रिपोर्ट, कुबट टॉवेल सगळं माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि बाकीची मंडळी अधूनमधून विचारतात, "झालं का त्या प्लंबरचं?" त्या चढावर कुणी कुणाला असं विचारलं असतं तर सायकल सोडून पायी परत गेली असती दुसरी.

मंगळवार, २३ जुलै

प्लंबर आला! बरोबर एक पोरगा, त्याच्या हातात फक्त टॉर्च. वर गेलो. बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपचं तोंड बोळ्याने बंद केलं, जमिनीवर बोटभर पाणी साठवलं आणि त्यात रंग टाकायचा म्हणाला. रंग त्याच्याकडे नव्हता. मी खालून जांभळ्या रांगोळीचा डबा आणला. "उद्या खाली जांभळं उतरलं तर लादीच्या सांध्यातून गळतं. नाही उतरलं तर ट्रॅपमधून किंवा पाइपातून." इतकी सोपी युक्ती, महिनाभर कुणी सांगितली नाही. पोरांना एक दिवस अंघोळीला खाली आमच्याकडे यायला सांगितलं. चौघेही आले, आपापले साबण घेऊन, आणि जाताना बाथरूम पुसून गेले. मालकांपेक्षा पोरं बरी.

गुरुवार, २५ जुलै

रात्रभर पाऊस. पहाटे बाईंचा फोन. त्या सिंहगड रस्त्याला नदीलगत राहतात, तिसऱ्या मजल्यावर. "पार्किंगमध्ये पाणी आहे, गाड्यांचे टप दिसतायत. वीज नाही." खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी पुढे ३५ हजार क्युसेकच्या वर गेलं, असं बातम्यांत सांगत होते. एकता नगरीतल्या लोकांना होड्यांतून बाहेर काढताना दाखवलं. भिडे पूल पाण्याखाली गेला की पुण्यात पावसाळा आला असं आपण गमतीत म्हणतो. आज कुणी गंमत केली नाही.

दुपारी पाणी ओसरलं तशा बाई आमच्याकडे आल्या. पाठीवर सॅक, हातात औषधांची पिशवी. सायकल पार्किंगमध्ये होती, ती चिखलात आहे. बाई म्हणाल्या, "कुलूप लावलं होतं म्हणून वाहून गेली नाही. कुलपाचा असा उपयोग पहिल्यांदा झाला." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चहा दिला. त्यांनी छताकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "ते राहू दे."

छत जांभळं झालेलं नाही. म्हणजे ट्रॅप किंवा पाइप.

शनिवार, २७ जुलै

बाईंची वीज अजून आली नाही. त्यामुळे घरात चार दिवसांची सहल असल्यासारखं झालं आहे. बाई भाजी चिरतात, सासूबाईंच्या औषधांचा तक्ता त्यांनी कागदावर करून फ्रीजला लावला. सवय जाईना.

काल रात्री सायकलची गोष्ट पुन्हा निघाली आणि भांडण झालं. बाईंचं म्हणणं, चेन दाभोळच्या अलीकडे तुटलीच नाही. ती पलीकडे, गुहागर सोडल्यावर वेळणेश्वरच्या चढाला तुटली. मी म्हटलं, मग बोटीवरच्या आरशात आपले ग्रीसचे हात कसे दिसले? त्या म्हणाल्या, आरसा तेरेखोलच्या फेरीत होता. तेरेखोलला तर किल्लाच नदीच्या अलीकडे आणि तरी गोव्यात, त्यामुळे गोवा लागल्याच्या आनंदात बोटीवर काय होतं ते कुणाला आठवतंय? डॉक्टरला फोन लावला. ती म्हणाली, "चेन? कुणाची? माझी तर नव्हती तुटली."

सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, "पण बोटवाल्याने सायकलचे किती घेतले?" ते कुणालाच आठवेना. बाईंनाही नाही. हिशेब त्यांच्याकडे असून.

आज सकाळी मी एक केलं. प्लंबरचा नंबर नवऱ्याला पाठवला, खाली लिहिलं: ट्रॅप तुझा. त्याने लगेच फोन लावला, वरच्या मालकांशीही बोलला, खर्च निम्मा-निम्मा ठरवला. तेही लगेच तयार झाले. पुरुषाचा आवाज ऐकला की लोकांच्या शंका कशा फिटतात, हा वेगळाच विषय आहे, पुन्हा कधीतरी. प्लंबर अकराला येणार होता.

आत्ता सव्वा वाजलाय. नवरा गॅलरीत फोन कानाला लावून उभा आहे. मघाशी आत डोकावून म्हणाला, "निघालाय म्हणतोय. कर्वे रोडला आहे."

बाई आणि मी जेवायला बसलो.