दोष कळविण्याची शिस्त

ज्या संगणक-प्रोग्रामांचा मूळ मजकूर कोणासहि वाचावयास व सुधारावयास मोकळा असतो, त्यांस मुक्तस्रोत प्रोग्राम म्हणतात. त्यांपैकीं पुष्कळ देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं फावल्या वेळीं सांभाळलेले असतात. दोष आढळल्यास तो कोणीहि कळवावा. मात्र कसा कळवावा याचे नियम असतात, आणि ते न पाळणाराची तक्रार कित्येकदां तशीच बंद होते. हें पुष्कळांस उर्मटपणाचें वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

आमच्या नववीच्या एका मुलानें लेखनाच्या अशाच एका प्रोग्रामाच्या मंडळीस कळविलें, “मराठी शब्द शोधला असतां सांपडत नाहीं.” उत्तरादाखल आले ते सारे प्रश्नच: आवृत्ति कोणती, शब्द कोणता, कोणत्या कळफलकानें लिहिला, काय व्हावयास हवें होतें आणि काय झालें? चिरंजीव रागावले. “सर, चूक त्यांची, आणि परीक्षा माझी!”

शब्द होता ‘दऱ्या’. सह्याद्रीच्या दऱ्या आणि कोंकणचा दर्या यांत भेद करणारा हा अर्धा र संगणकांत दोन रीतींनीं लिहितां येतो. एका रीतींत खालीं टिंब असलेला ‘ऱ’ व हलन्त. दुसरींत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या पोटांत संकेत निराळे. मुलानें निबंध लिहिला घरच्या कळफलकानें, शब्द शोधला शाळेच्या. ज्यास मराठीचा गंध नाहीं अशा परदेशस्थ स्वयंसेवकास हें तर्कानें कसें कळावें? दोन्ही रूपें व दोन्ही कळफलकांचीं नांवें लिहून पाठविलीं, तेव्हां कोठें त्यास दोष दिसला.

या मंडळींचा वेळ किती जातो, याचें उदाहरण म्हणजे ‘कर्ल’. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळीत असलेल्या या प्रोग्रामांतील सुरक्षिततेचे दोष दाखविणारास २०१९ पासून बक्षीस मिळत असे. पुढें कृत्रिम बुद्धीकडून लिहवून घेतलेल्या तक्रारींचा लोंढा आला. भाषा सफाईदार, नमुना बिनचूक, आणि दोष मुळांत नाहींच! तरी प्रत्येक तपासून पाहावी लागे. २०२६ च्या जानेवारीअखेर तें बक्षीस बंद करावें लागलें. नुसता नमुना भरला म्हणजे नियम पाळला, असें नव्हे, हें यावरून दिसतें.

याउलट २०२४ च्या मार्चांत आंद्रेस फ्रॉइंड यांस, दूरच्या संगणकांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेंच खटकलें. माग काढतां ‘एक्सझेड’ या प्रोग्रामाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी चोरदरवाजा ठेवल्याचें आढळलें. त्यांनीं तें आधीं संबंधितांस खासगी रीतीनें कळविलें, आणि २९ तारखेस जाहीर केलें. काय पाहिलें व काय केवळ अनुमान आहे, हें त्यांनीं वेगळें ठेवलें. आपण सुरक्षाशास्त्राचे तज्ज्ञ नव्हे, हेंहि लिहिलें.

आतां आमचा एक आक्षेप. मराठीसारख्या भाषांतील दोष ज्यांस दिसतात, त्यांतील पुष्कळ जण इंग्रजींत अडखळतात. त्यांचें पहिलें पत्र नमुन्यांत बसत नाहीं म्हणून न विचारतां बंद करणें म्हणजे दोषच जतन करणें होय. एकदां विचारावें, वाट पाहावी, आणि उत्तर न आल्यास खुशाल बंद करावें. आमच्या मुलास प्रश्न आले म्हणून निभावलें; दार लागलें असतें, तर तो पुन्हां तिकडे फिरकला नसता.

शाळेच्या संगणक-खोलींत आम्हीं यंदां एक वही टांगली आहे: यंत्राचा क्रमांक, काय केलें, काय दिसलें. पालकांनीं ती अवश्य चाळावी. तूर्त तींत बहुतेक ठिकाणीं “चालत नाहीं” एवढेंच लिहिलेलें आहे.