रूळ आता वाजत नाहीत

भिलाईच्या माणसाला रेल्वेची भीती वाटत नाही. ज्या गावात रूळच तयार होतात, त्या गावाला रुळांची कसली भीती? इथल्या पोलाद कारखान्यात १९६० पासून रूळ बनतात. तुम्ही देशात कुठेही रेल्वेने गेला असाल, तर प्रवासाचा बराचसा भाग आमच्या गावच्या लोखंडावरून झाला असणार. हे सांगताना इथला प्रत्येक जण जरा ताठ होऊन बसतो. मीही बसते.

पण याच रुळांबद्दल एक गोष्ट आहे, जी फारशी कुणी बोलत नाही.

पूर्वी एक रूळ साधारण १३ मीटर लांब असायचा. दोन रुळांच्या मध्ये बोटभर फट, बाजूने पट्ट्या आणि बोल्ट. त्या फटीवरून चाक गेलं की खट्-खट् व्हायचं. आपण लहानपणी ज्या आवाजाच्या तालावर गाडी-गाडी खेळलो, तो हाच. आता भिलाईत १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो. असे दोन जोडून २६० मीटरचा एकच लांबलचक तुकडा तयार करतात आणि तो मार्गावर टाकल्यावर पुढच्या तुकड्याशी वेल्डिंगने जोडतात. सांधेच उरले नाहीत, तर खटखट कुठून येणार? त्यात धडधडणारी डिझेल इंजिनं कमी झाली आणि विजेवरची आली. प्रवाशाला सुखाची झोप लागते. पण जो रुळाशेजारी उभा आहे, त्याच्याकडे गाडी जवळजवळ चोरपावलांनी येते.

आमच्या आधीच्या पिढीने रूळ ओलांडताना कानांवर भरवसा ठेवला. “आवाज येतोय का? नाही ना? चला.” हा सल्ला आजही घराघरांत दिला जातो. मला वाटतं, तो आता मोडीत काढायला हवा. शिवाय कान तरी कुठे मोकळे असतात? त्यांत गाणी असतात, नाहीतर कुणाचा तरी फोन.

तुम्ही म्हणाल, आजच हे सगळं कशाला? सांगते. या वर्षी माझी लेक अठराची झाली. लायसन्स आलं, स्कूटी आली. आम्ही राहतो स्मृति नगरात. जुनवानी, सुपेला हा सगळा भाग रेल्वेमार्गाच्या या बाजूला, आणि सेक्टर, सिव्हिक सेंटर, सेक्टर ९ चं मोठं हॉस्पिटल, मैत्री बाग हे सगळं पलीकडे. हावड्याहून मुंबईला जाणारी मुख्य लाइन मधून जाते, त्यामुळे इथल्या माणसाला आयुष्यात हजार वेळा तरी रूळ ओलांडावे लागतात. सुपेल्याच्या फाटकावर आम्ही किती वेळ उभे राहिलो असू, त्याचा हिशेब नाही. तिथे आता अंडरब्रिज झाला आहे, बरंच झालं. पण सगळीकडे पूल नसतात, आणि नांदगाव-गोंदियाकडे नातेवाइकांकडे निघालं की वाटेत कुठे ना कुठे फाटक लागतंच.

लेकीला गाडी शिकवायला मी होते. फाटक शिकवायला मात्र मी शेजारच्या काकांना बोलावलं. काका गोंदियाचे. मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांना “लोको पायलट” म्हटलेलं आवडतं, म्हणून तसंच म्हणते.

लेकीने पहिलाच प्रश्न विचारला, “काका, गाडीचा पत्ता नसतो, तरी फाटक एवढं आधी का बंद करतात?”

हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. काकांनी सांगितलं ते असं. बऱ्याच ठिकाणी फाटक आणि सिग्नल एकमेकांना जोडलेले असतात. फाटक पूर्ण बंद होऊन त्याला कुलूप लागल्याशिवाय गाडीचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो, गेटमन फाटक बंद करतो आणि त्याची खूण म्हणून आकड्यांची देवाणघेवाण होते. हे सगळं गाडी दिसायच्या खूप आधी व्हावं लागतं, कारण ड्रायव्हरला हिरवा सिग्नल दुरूनच दिसला पाहिजे. दिसला नाही, तर त्याला तिथूनच ब्रेक लावायला घ्यावा लागतो.

म्हणजे दांडा खाली येत असताना एखादा पठ्ठ्या बाइक वाकडी करून खालून घुसतो आणि त्याच्यामागे दुसरा, तिसरा, तेव्हा फाटक लागत नाही. फाटक नाही तर सिग्नल नाही. गाडी बाहेर उभी राहते आणि मग सगळ्यांचीच दहा मिनिटं जास्त जातात. आणि आपण हॉर्न कुणावर वाजवतो? गेटमनवर. त्याच्याइतक्या शिव्या खाणारा सरकारी माणूस दुसरा नसेल.

मी मध्येच म्हटलं, “समजा कुणी आलंच मध्ये, तर तुम्ही ब्रेक मारत नाही का?”

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ताई, ब्रेक तर मारतोच. पण भरलेली मालगाडी म्हणजे सुमारे पाच हजार टन. लोखंडाचं चाक लोखंडावर, पकड ती किती असणार? थांबायला किलोमीटरभर तरी लागतो. स्टीअरिंग नाही आम्हाला. ब्रेक मारल्यावर हातात फक्त हॉर्न उरतो. तो वाजवत राहायचं, आणि समोर बघत राहायचं.”

त्यांनी पुढे काही सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. चहा मात्र थंड झाला.

एक आकडा लक्षात ठेवा. ताशी १३० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर कापते. तुम्हाला तीन-चार रूळजोड्या चालत ओलांडायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात ती गाडी अर्धा किलोमीटर पुढे आलेली असते. “लांब आहे अजून” असं जिला आपण म्हणतो, ती तीच गाडी.

आणि लांब आहे असं वाटण्यामागेही एक गंमत आहे. विमान उतरताना बघितलंय ना? एवढं मोठं धूड हवेत जणू तरंगत, सावकाश येतं असं वाटतं. खरं तर ते प्रचंड वेगात असतं. हर्शेल लायबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये हेच रेल्वेबद्दल मांडलं. वस्तू जितकी मोठी, तितकी ती आपल्या डोळ्यांना हळू येताना वाटते. शिवाय समोरून सरळ येणारी गाडी फक्त थोडी थोडी मोठी होत जाते, सरकताना दिसत नाही. म्हणजे कान गेले ते गेलेच, डोळेही पुरते आपल्या बाजूचे नाहीत.

याच गोष्टीचा उपयोग मुंबईत करून पाहिला गेला. वडाळ्याला लोक सर्रास रूळ ओलांडत. २००९-१० च्या सुमारास तिथे काही स्लीपर पिवळ्या रंगाने रंगवले. पिवळे पट्टे एकामागून एक गाडीखाली गडप होताना दिसले की माणसाला वेगाचा अंदाज येतो. गाडीला एक लांबलचक भोंगा न देता, मध्ये थोडं थांबून दोन तुटक भोंगे द्यायला सांगितले, कारण मधल्या शांततेने माणूस दचकतो आणि वर बघतो. आणि गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या घाबरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. “रूळ ओलांडू नका” अशा पाट्या आधीही होत्या, त्या कुणी वाचत नसे. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात लोकांना मूर्ख ठरवलेलं नाही. डोळा कुठे फसतो ते शोधलं आणि तिथेच रंग लावला.

आता काकांनी लेकीकडून तीन-तीनदा वदवून घेतलेली गोष्ट. समोरून गाडी गेली, शेवटचा डबा गेला, की लगेच निघायचं नाही. एकीच्या आड दुसरी असते. पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरीचा भोंगा बुडतो आणि तिच्या डब्यांमागे दुसरी दिसतच नाही. आमच्याकडे तर लोहखनिजाच्या, कोळशाच्या लांबच लांब मालगाड्या. त्या गेल्या की माणूस कंटाळून सुटतोच. म्हणून शेवटच्या डब्यानंतरही दोन्ही बाजूंचे रूळ स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं. फाटक असेल तर ते पूर्ण उघडेपर्यंत, हे वेगळं सांगायला नको.

स्कूटीवाल्यांसाठी थोडं. रूळ तिरपे ओलांडू नका. ओल्या रुळावर चाक घसरतं, आणि सायकलचं बारीक चाक तर रुळाशेजारच्या खाचेत अडकतंच. सरळ काटकोनात जायचं. चारचाकी असेल तर खालचा गिअर आधीच टाकायचा, रुळांवर असताना बदलायचा नाही. पुढच्या गाडीला चिकटून फाटकात शिरू नका. पलीकडे तुमची गाडी मावेल एवढी जागा दिसली, तरच शिरा. वर विजेची तार २५,००० व्होल्टची असते. फाटकाआधी जी लोखंडी कमान असते ती त्यासाठीच. टपावर सामान लादलेल्या गाड्यांना तिथे कळतं की आपण मावतो की नाही.

बिनफाटकाच्या क्रॉसिंगचं दुःख आपल्या मराठी मुलखाने चांगलंच पाहिलं आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये नागपूरजवळ कन्हानला लग्नाहून परतणाऱ्या वऱ्हाडाचा ट्रॅक्टर रूळ ओलांडत होता, तेव्हा गाडीने ट्रॉलीला धडक दिली. पन्नासच्या वर माणसं गेली. २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेची व्हॅन अशाच क्रॉसिंगवर सापडली, १३ मुलं गेली. त्यानंतर कामाला वेग आला आणि ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची सगळी बिनमाणसाची क्रॉसिंग बंद झाली. कुठे फाटक बसलं, कुठे खालून वाट निघाली.

तरी कारखान्यांच्या आतबाहेर जाणाऱ्या छोट्या लाइनी असतात. तिथे आडवा दांडा असेलच असं नाही. मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलम बिनपहाऱ्याच्या क्रॉसिंगसाठीच आहे. गाडी थांबवायची. बरोबरच्या माणसाने खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंना काही येत नाही हे बघायचं आणि मग गाडी पार करून द्यायची. बरोबर कुणी नसेल, तर ड्रायव्हरनेच उतरायचं. एवढं साधं कलम मी दुसरं वाचलं नाही. आणि ज्यांना दांडा उचलून जायची सवय आहे त्यांच्यासाठी, बंद फाटक उघडणाऱ्याला रेल्वे कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तोडणाऱ्याला पाच.

गाडी रुळांवर बंद पडली तर? लेक म्हणाली, “धक्का मारायचा.” काका जवळजवळ ओरडले, “नाही! आधी माणसं उतरवायची.” सगळ्यांना बाहेर काढा, रुळांपासून लांब जा. गाडी येताना दिसत असेल तर ती जिकडून येतेय, तिकडे तिरपं आणि रुळांपासून दूर पळायचं. विचित्र वाटेल, पण धडकेनंतर लोखंडाचे तुकडे गाडीच्या दिशेने पुढे उडतात. दोन दांड्यांच्या मध्ये अडकलात, तर दांड्याची फिकीर करू नका, बाहेर पडा. आणि लगेच गेटमनला सांगा. त्याच्याकडे लाल झेंडा, दिवा आणि रुळांवर लावायचे फटाके असतात. तो धावत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन लावतो, तेही दहा-दहा मीटरवर. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर समजतो. विचार करा, १२०० मीटर धावायला त्या माणसाला किती वेळ लागेल. म्हणून एक मिनिटही घालवायचं नाही.

जवळ गेटमन नसेल तर १३९ ला फोन करा. पण “सुपेल्याच्या पुढे, ते मोठं झाड आहे ना” असा पत्ता सांगून उपयोग नाही. प्रत्येक फाटकाला नंबर असतो, तो तिथल्या खोलीवर लिहिलेला असतो. रुळांशेजारच्या विजेच्या खांबांवरही किलोमीटरचे आकडे असतात, तेही चालतात. लेकीने आमच्या वाटेवरच्या दोन फाटकांचे नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवलेत. काकांनी ते तपासले. एक चुकला होता, तो त्यांनी दुरुस्त करून दिला.