साठीनंतरचा शस्त्राभ्यास

तीस-बत्तीस वर्षें शाळेंत विभक्ति आणि समास शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यानें साठी उलटल्यावर कमरेला पिस्तुल लावून मैदानांत उतरावें, हें ऐकून वाचकांपैकीं कांहीं हांसतील आणि कांहींच्या कपाळाला आठ्या पडतील. आम्हांस दोहोंचेंहि वाईट वाटणार नाहीं; कारण आमच्या घरीं हीं दोन्ही अगोदरच होऊन गेलीं आहेत. आमच्या सौभाग्यवतींनीं तर पहिल्याच दिवशीं विचारलें, "जन्मभर हातांत खडू धरलात, आतां हें काय धरायला निघालांत?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर सुचावयास आम्हांस दोन वर्षें लागलीं, आणि तें सुचलें तेंहि आमच्या एका फजितीमुळें. ती फजिती सांगावी म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत फीनिक्स शहरीं राहतात. निवृत्तीनंतर कायम वास्तव्याचा परवाना हातीं आला, तेव्हां आम्ही उभयतां त्यांच्याकडे राहावयास गेलों. महिन्यांतून एका रविवारीं पहांटे उठून चिरंजीव एक जड पेटी घेऊन मोटारींतून कोठेंसे जात व दुपारीं धुळीनें माखून परत येत. एकदां आम्हीं विचारलें, तेव्हां ते जरा संकोचानें म्हणाले, "प्रॅक्टिकल शूटिंगच्या मॅचला जातो, अण्णा. रागावू नका. एकदा स्वतः येऊन बघा, मग काय ते बोला." परीक्षा घेतल्यावांचून गुण देण्याची आम्हांस संवय नाहीं, म्हणून गेलों.

नेमबाजी म्हटली कीं आपल्याकडे डोळ्यांपुढें येते ती ऑलिंपिकमधील. नेमबाज एका जागीं स्थिर उभा, एक हात पुढें, समोर वर्तुळाकार लक्ष्य. कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनीं २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें, तो हा प्रकार. प्रॅक्टिकल नेमबाजी निराळी. येथें लांकडी चौकटींच्या भिंती, खिडक्या व दारें उभारून एक छोटेखानी वस्तीच मांडलेली असते. तिच्या आडोशानें तपकिरी पुठ्ठ्याचीं लक्ष्यें व गोळी लागतांच उलथणारे पोलादी पत्रे ठेविलेले असतात. स्पर्धकानें खूण होतांच कमरेचें पिस्तुल काढावें, चालत-धांवत एकेक लक्ष्य गांठावें आणि वाटेंतच काडतुसांची पेटी बदलावी, असा हा खेळ आहे.

ह्या प्रकाराचा उगम कॅलिफोर्नियांतील बिग बेअर येथें १९५० नंतरच्या दशकांत जेफ कूपर व त्याच्या मित्रांनीं भरविलेल्या सामन्यांत आहे. त्या वेळीं बहुतेक लोक एका हातानें, कमरेपासूनच झटपट गोळ्या झाडीत. जॅक वीव्हर नांवाच्या एका पोलीस अधिकाऱ्यानें पिस्तुल दोन्ही हातांनीं धरून डोळ्यांपर्यंत उचलण्यास आरंभ केला. त्यांत क्षणभर अधिक जाई. पण गोळी लागे. घाईनें चुकणाऱ्यांपेक्षां किंचित् सावकाश लावणारा पुढें जातो, हें लोकांस पटलें आणि ती पद्धति जगभर पसरली. पुढें १९७६ सालीं मिसूरी राज्यांतील कोलंबिया गांवीं ह्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कूपर तिचा पहिला अध्यक्ष. तिचें ब्रीद तीन लॅटिन शब्दांचें आहे. त्यांचा अर्थ अचूकपणा, जोर आणि वेग.

गुणांची रीत तर आमच्यासारख्या मास्तरास मोठी गमतीची वाटली. पुठ्ठ्यावर अ, क, ड असे भाग पाडलेले असतात. आमच्यासारख्या हलक्या काडतुसाच्या स्पर्धकास त्यांचे अनुक्रमें ५, ३ व १ असे गुण मिळतात. लक्ष्य चुकलें तर १० गुण वजा. आणि तपकिरी पुठ्ठ्याला चिकटून मुद्दाम उभ्या केलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्याला गोळी लागली, तर तेथेंहि १० वजा, कारण तो पांढरा पुठ्ठा म्हणजे निरपराध मनुष्य. उरलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनीं भागावयाचें. एकानें २० सेकंदांत ६० गुण मिळविले तर भागाकार ३. दुसऱ्यानें साडेबारा सेकंदांत ५० मिळविले तर ४. म्हणजे कमी गुणांचा दुसरा जिंकला! परंतु तोच दुसरा घाईनें दोन गोळ्या चुकला, तर त्याचा सारा डाव बसतो. किती घाई करावी आणि ती कोठें थांबवावी, हें प्रत्येकानें स्वतःशींच ठरवावयाचें असतें. द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, हें त्याचें भूषण ठरलें. येथें मात्र डोळ्याबरोबर शेजारचा पांढरा पुठ्ठाहि दिसला पाहिजे.

पहिले चार महिने आम्ही केवळ पाहत होतों, आणि इतरांबरोबर पुठ्ठ्यांवरील भोंकांना कागदाच्या टिकल्या चिकटवीत होतों. हें काम तेथें सर्वांनाच करावें लागतें. लक्षाधीश असो वा गवंडी. नंतर नवशिक्यांचा सुरक्षिततेचा वर्ग केला आणि चिरंजीवांचें एक पिस्तुल घेऊन उतरलों. आमच्या दुहेरी भिंगाच्या चष्म्यानें फार छळलें. लक्ष्य दिसे तर पिस्तुलावरची पुढली माशी अंधुक होई, माशी दिसे तर लक्ष्य विरे. शेवटीं माशीच्या अंतरावर दृष्टि ठरेल असें भिंग मुद्दाम करवून घेतलें. तेव्हांपासून आमचा क्रमांक शेवटून पहिल्याऐवजीं शेवटून चौथा येऊं लागला.

परंतु आमचें मन जिंकलें तें धांवण्यानें किंवा आवाजानें नव्हे, तर फैर संपल्यानंतरच्या विधीनें. मैदानांत सर्वांचीं पिस्तुलें रिकामीं असतात. पंचाच्या आज्ञेवांचून कोणीं म्यानांतील पिस्तुलाला हातहि लावावयाचा नाहीं. पंच 'मेक रेडी' म्हणेल तेव्हांच काडतुसें भरावयाचीं; 'स्टँड बाय' नंतर घड्याळाचा टणत्कार होईल तेव्हांच आरंभ करावयाचा. झाडून झालें कीं पेटी काढावी, रिकामी नळी पंचाला दाखवावी, घोडा पाडावा, पिस्तुल म्यानांत ठेवावें. 'रेंज इज क्लिअर' हे शब्द पंचाच्या तोंडून निघेपर्यंत एकहि मनुष्य पुढें पाऊल टाकीत नाहीं. हें पाहतांना आम्हांस नेहमीं अश्वत्थाम्याची कथा आठवे. अस्त्र सोडण्याची विद्या त्याला होती. तें आवरून परत घेण्याची नव्हती. अर्जुनानें आपलें अस्त्र मागें घेतलें. अश्वत्थाम्याचें उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडलें. ह्या मैदानांत उपसंहारावांचून कोणाचाहि डाव पुरा धरीत नाहींत.

तरीहि मनांत एक कांटा होता व आहे, तो लपवीत नाहीं. तेथील पुठ्ठ्याला खांदे आणि वर मस्तकासारखा चौकोन असतो. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सामन्यांत बिनमस्तकाचा पुठ्ठा वापरतात. आम्हांस तोच बरा वाटतो. शिवाय आमच्या बारा वर्षांच्या नातवाच्या शाळेंत मधून मधून दारें लावून, दिवे मालवून मुलांना कोपऱ्यांत निःशब्द बसविण्याचा सराव करवितात. कोणी माथेफिरू बंदूक घेऊन शिरला तर काय करावें म्हणून. जन्म शाळेंत काढलेल्या मनुष्याला हें ऐकून कसें वाटलें असेल, तें सांगावयास नको. त्या रात्रीं आम्हीं चिरंजीवांस विचारलें, "हीं हत्यारें घरांत कशाला?" त्यांनीं पोलादी तिजोरी उघडून दाखविली, पिस्तुलें एकीकडे, काडतुसें दुसऱ्या कुलपांत. उत्तर अर्धेंच होतें. परंतु तेवढें तरी प्रत्येक घरीं असतें तर कित्येक अनर्थ टळते, असें आमचें मत झालें.

आतां फजिती. त्या रविवारीं सहांपैकीं चौथा डाव होता. आम्ही उजवीकडील खिडकींतून दोन लक्ष्यें मारून डावीकडे निघालों आणि जातां जातां पेटी बदलूं लागलों. उजव्या हातानें पिस्तुल धरणाऱ्याला डावीकडे धांवणें हाच मोठा धोका. शरीर वळतें, त्याबरोबर मनगट वळतें, आणि नळीचें तोंड मागच्या माणसांकडे फिरतें. स्पर्धकाच्या दोन्ही बाजूंना सरळ आडवी एक रेषा कल्पावी. नळी त्या रेषेच्या मागें गेली कीं स्पर्धक त्या दिवसापुरता सामन्यांतून बाद, असा नियम आहे. आमच्या ध्यानांत येण्यापूर्वींच पंचाचा शब्द कानीं पडला, "स्टॉप!"

पंच म्हणजे चिरंजीवांचा स्नेही, तिशीचा, धंद्यानें नळजोडणी करणारा तरुण. गेल्या दिवाळींत आमच्या घरीं चकल्या मागून मागून खाऊन गेलेला. त्यानें नेहमींच्याच स्वरांत आमच्याकडून पिस्तुल रिकामें करवून म्यानांत ठेवविलें, मैदान मोकळें झाल्याचें पुकारलें, मग आपण काय पाहिलें तें दोन वाक्यांत सांगितलें आणि आमचें नांव कागदावरून कमी केलें. तो रागावला नाहीं. त्यानें उपदेशहि केला नाहीं. आमच्या जिभेवर सबबी आल्या होत्या. पेटी तर बाहेर काढलेली होती, क्षणभराचाच प्रश्न होता, आमचें वय... परंतु नळींत एक काडतूस अजून होतें, हें आम्हांस ठाऊक होतें. सबबी गिळल्या. चिरंजीव कांहींएक बोलले नाहींत. त्यांनीं टिकल्यांची गुंडाळी आमच्या हातांत ठेवली. उरलेले दोन डाव उन्हांत उभे राहून आम्हीं इतरांच्या पुठ्ठ्यांना टिकल्या लावल्या. नातू बरोबर आलेला. तो हळूच म्हणाला, "आजोबा, ते काका तर आपल्याकडे जेवायला येतात ना? तरी पण आउट?"

त्या प्रश्नानें घाव बसला तो भलत्याच ठिकाणीं. तीस वर्षांपूर्वींच्या सहामाहींत दोन मुलांना आम्हीं एकाच बांकावर नक्कल करितांना धरलें होतें. एक मोलमजुरी करणाऱ्या विधवेचा मुलगा. दुसरा गांवांतील एका वजनदार गृहस्थाचा, ज्यांच्या घरीं आमचें जाणें-येणें होतें. पहिल्याला आम्हीं सर्वांदेखत छड्या मारून वर्गाबाहेर काढलें. दुसऱ्याच्या कानांत, "पुन्हां करूं नकोस," एवढेंच सांगितलें. त्या दिवशीं आम्ही स्वतःस कडक शिस्तीचे मास्तर समजून घरीं आलों होतों.

फीनिक्सहून त्या पहिल्या विद्यार्थ्याचा पत्ता काढणें आजकाल कठीण नाहीं. सातारा जिल्ह्यांत त्याचें किराणा मालाचें दुकान आहे. फोन करून आम्हीं नांव सांगितलें, तो आनंदानें बोलूं लागला. मग आम्हीं परीक्षेची आठवण काढून क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "सर, छड्यांचं काही नाही हो. तेव्हा सगळेच खायचे. पण तो आत बसून पेपर लिहीत होता, आणि मी बाहेरून खिडकीतनं बघत होतो. तेवढं मात्र राहिलंय डोक्यात." आम्हांस कांहीं बोलतां येईना. त्यानेंच मग आमच्या प्रकृतीची विचारपूस केली, आणि देशीं आलांत तर दुकानावर या म्हणून आग्रह केला.

शिक्षेनें मुलें बिघडतात कीं सुधारतात, ह्यावर आम्हीं शिक्षकसंमेलनांत पुष्कळ भाषणें ऐकलीं व केलीं. आज आमचें मत इतकेंच आहे कीं, नियम थोडे असावेत, ते आधीं सांगावेत, आणि ज्याच्या हातचे आपण खातों व जो आपल्या हातचे खातो, त्यालाहि ते त्याच आवाजांत लागू करावेत. मग रागावण्याचें कारण उरत नाहीं. त्या नळजोड्यानें आम्हांस बाद केलें, आणि पुढच्याच आठवड्यांत तो आमच्याकडे थालीपीठ खावयास आला. मध्यें कोणतेंहि मळभ नव्हतें.

ज्यांच्या घरच्या मुलामुलींना नेमबाजीची आवड असेल, त्या वडील माणसांस आमची विनंति आहे कीं, केवळ भीतीनें नाहीं म्हणूं नये व कौतुकानें मोकळेंहि सोडूं नये. जाणत्या शिक्षकाच्या हातीं द्यावें, आणि तो पहिल्या दिवशीं नेम शिकवितो कीं हत्यार खालीं ठेवणें शिकवितो, तें आधीं पाहून घ्यावें.

पुढच्या महिन्यांत आम्ही पुन्हां गेलों. ह्या वेळीं सौभाग्यवतीहि कानांवर बोंडें लावून आणि छत्री घेऊन मागच्या बांकावर येऊन बसल्या. डावीकडे जाण्याची वेळ आली तेव्हां आम्ही थांबलों, नळी समोर धरून पेटी बदलली आणि मगच पाऊल उचललें. त्यांत चार सेकंद गेले. पिस्तुल म्यानांत गेलें, पंचानें मैदान मोकळें झाल्याचें पुकारलें. परत येतांना सौभाग्यवतींनीं विचारलें, "कितवा नंबर आला?" शेवटून दुसरा, आम्हीं सांगितलें. त्या म्हणाल्या, "असूं दे. आज तुम्ही धांवतांना त्याच्याकडे पाहत होतां, तें बरें वाटलें." मग आमच्या हातांतील टिकल्यांची गुंडाळी घेऊन त्या पुठ्ठ्यांकडे चालूं लागल्या.