काटकसरीचा वेग

आमच्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती, पण गाड्यांची पोटं उघडलेली मी कळायला लागल्यापासून बघत आलो. ग्रँट रोडजवळच्या एका गल्लीत अण्णांचं गॅरेज होतं. गिऱ्हाइकं दोन जातींची, अँबॅसडरवाली आणि फियाटवाली. एखादी हेरल्ड आलीच, तर तिच्या मालकाकडे अण्णा जरा दयेनंच बघत. अशा घरात बोटीवर नोकरी करणाऱ्या मामानं एकदा कॉर्गीची खेळण्यातली मिनी आणली. अंग लाल, टप पांढरा, दारावर ३७ हा आकडा आणि टपावर चिमुकला दिवा. मी तिला जिन्याच्या कठड्यावरून घाट चढायला लावत असे. अण्णांनी ती हातात घेतली, पुढून मागून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्याशा नाकाडात इंजिन बसवलं कुठे रे त्यांनी?" खेळण्याबद्दल नव्हे, खऱ्या गाडीबद्दल विचारत होते.

उत्तर मिळायला मला बरीच वर्षं लागली. इंजिन आडवं बसवलं होतं.

१९५६ साली सुएझचा पेच उभा राहिला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशन आलं. लोक तीन चाकांच्या बुडबुड्यासारख्या गाड्या घेऊ लागले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्यांची मनस्वी चीड. कमी पेट्रोल पिणारी, पण खरीखुरी चार माणसांची गाडी करा, आणि इंजिन आपल्याकडे आहे तेच वापरा, असं त्यांनी ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याला फर्मावलं. इसिगोनिस यांचा जन्म स्मर्नाचा, स्वभाव हट्टी. त्यांनी इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली ऑइलच्या टाकीतच घातली आणि दोघांना एकच ऑइल दिलं. पुढचीच चाकं ओढणार, म्हणून मागे जाणारा लांब शाफ्ट गेला. चाकं फक्त दहा इंची, म्हणजे आत घुसणारी कमानही लहान. स्प्रिंगांच्या जागी ॲलेक्स मोल्टन यांचे रबराचे शंकू. दाराच्या काचा सरकत्या, म्हणून दाराच्या पोकळीत सामानाचा खण निघाला. १९५९ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आलेली मिनी जेमतेम दहा फूट लांब होती, आणि त्यातली बहुतेक लांबी माणसांच्या वाट्याला आली होती.

यातला एकही निर्णय वेगासाठी घेतलेला नाही. सगळे जागा वाचवण्यासाठी, पैसे वाचवण्यासाठी. तरीही चाकं चार टोकांना गेली, वजन जमिनीलगत राहिलं आणि इंजिनाचा सगळा भार नेमका ओढणाऱ्या चाकांवर आला. बर्फाळ घाटातल्या रॅलीला याहून वेगळं काय लागतं? मला ही गाडी आवडते ती या एका गोष्टीसाठी. तिचा वेग पोटाला चिमटा घेऊन जमवलेला आहे.

हे ओळखलं ते शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांनी. या गाडीचं वेगवान रूप काढायची कल्पना इसिगोनिस यांना आधी रुचली नव्हती; आपण सामान्य माणसाची गाडी केली, शर्यतीची नाही, असं त्यांचं म्हणणं. १९६१ मध्ये मिनी कूपर निघाली आणि १९६३ मध्ये कूपर एस. मूळचं इंजिन ८४८ सीसीचं. एसमध्ये ते १०७१ आणि पुढच्या वर्षी १२७५ सीसी झालं. आमच्या गॅरेजात "बोअर मारला" म्हणजे झिजलेलं इंजिन आणखी चार वर्षं ओढायची सोय. इथे सिलिंडर ७०.६ मिलिमीटरपर्यंत नेले होते ते जोरासाठी. क्रँकशाफ्ट जास्त टणक केला, दोन कार्ब्युरेटर लावले, पुढे मोठे डिस्क ब्रेक आले. ॲबिंग्डनच्या स्पर्धा विभागात अशा गाड्या पुन्हा पूर्ण खोलून रॅलीसाठी बांधत. पोटाखाली जाड पत्र्याचं संरक्षण, पुढे दिव्यांची रांग आणि सरळ दात्यांचे गिअर. हे गिअर रडतात, पण ताकद वाया घालवत नाहीत.

मामानं आणलेली ३७ नंबरची गाडी म्हणजे पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांची. १९६४ ची मॉन्टे कार्लो रॅली त्यांनी मिन्स्कहून सुरू केली आणि जिंकली. इंजिनाच्या आकारावर हिशेब करणारं एक सूत्र तेव्हा असे आणि ते मिनीच्या बाजूनं होतं. अमेरिकन फोर्ड फाल्कन नुसत्या घड्याळावर पुढेच होती. चाहते हे सांगत नाहीत. पण १९६५ मध्ये भयंकर हिमवादळात टिमो मॅकिनेन जिंकला, तेव्हा कोणाला सूत्राचा आडोसा घ्यावा लागला नाही. मॅकिनेनसारख्या फिनलंडच्या चालकांची एक खुबी होती. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेक दाबायचा. पुढची चाकं ओढतच राहतात, मागची अडखळतात आणि गाडीची शेपूट वळणाबाहेर फेकली जाते. मग तोंड आपोआप आत. अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी ब्रेक लायनिंगचा खर्च काढला असता.

१९६६ मध्ये तीन मिनी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या, आणि तिन्ही बाद झाल्या. कारण हेडलाइटचे बल्ब. एकाच तारेचे ते बल्ब डिप करता येत नव्हते आणि ते नियमात बसत नाही, असा निकाल लागला. विजय सिट्रोएनच्या पाउली टोइव्होनेनला गेला. हरून इतकी प्रसिद्धी दुसऱ्या कुठल्या गाडीला मिळाली असेल असं वाटत नाही. पुढच्याच वर्षी राउनो आल्टोनेननं मिनीतच बक्षीस परत आणलं.

हॉपकर्क मुंबईतही येऊन गेला. १९६८ च्या नोव्हेंबरअखेर लंडनहून सिडनीला निघालेल्या मॅरेथॉनच्या गाड्या काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि इथून 'चुसान' बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. अण्णा मला बघायला घेऊन गेले. मी लाल-पांढरी मिनी शोधत होतो. हॉपकर्ककडे मात्र ऑस्टिन १८०० होती, थोराड आणि रुंद. मी हिरमुसलो. अण्णा खूश होते. त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं की या १८०० मध्ये आपल्या अँबॅसडरच्याच घराण्यातलं इंजिन आहे, जरा वाढवलेलं आणि आडवं टाकलेलं. तीही इसिगोनिस यांचीच करणी. घरी येईपर्यंत ते तेवढंच बोलत होते. त्या रॅलीत अखेरच्या टप्प्यात आघाडीवरची सिट्रोएन समोरून आलेल्या एका मिनीवर आदळली. हॉपकर्क मदतीला थांबला आणि दुसरा आला.

पुढे नोकरीनं मला कॉव्हेंट्रीला नेलं. जवळच गेडनच्या संग्रहालयात मॉन्टे जिंकलेल्या तिन्ही मिनी आहेत. हॉपकर्कच्या १९६४ च्या गाडीसमोर, ३३ ईजेबीसमोर, उभं राहिलं की पहिल्यांदा जाणवतो तो तिचा लहानपणा. टप माझ्या छातीशी येतो. आज मिनी नावानं विकली जाणारी गाडी तिच्याशेजारी लावली तर ही तिच्या आत मावेल की काय असं वाटतं. मला त्या नव्या गाडीचा राग नाही. मात्र जागा वाचवण्याचा ध्यास तिच्यात शोधू नये.

माझ्या खात्यातल्या एका सहकाऱ्यानं जुनी कूपर एस रॅलीसारखी बांधून घेतली होती. एका रविवारी त्यानं मला वेल्सच्या अरुंद रस्त्यांवर फिरवलं. गिअरच्या रडण्यात बोलणं अशक्य. रस्त्यावरचा खडान्खडा कमरेला कळत होता. पण वळण आलं की ती वळायची, नाही, वळलेलीच असायची. रात्री मुंबईला फोन लावला. अण्णा तेव्हा थकले होते, गॅरेज धाकट्याकडे होतं. मी वेग सांगितला, गिअर सांगितले, दहा इंची चाकं सांगितली. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "देते किती?"

"या बांधणीत फार नाही देत, अण्णा. दोन कार्ब्युरेटर आहेत."

"दोन? मग दोन्हींची हवा सारखी कशी करतो तो?"

रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला, आणि दोन्हींचा आवाज जुळेपर्यंत स्क्रू फिरवतो, असं मी सांगितलं.

"मीटर नाही लावत?"

"आहे त्याच्याकडे. पण विश्वास कानावर."

"मग माणूस बरा दिसतो," अण्णा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.