पंडिता, पांघरूण आणि ऑफसाइड

मी दिवसा बँकेत कॅशच्या खिडकीत बसतो आणि रात्री घरी टीव्हीसमोर. दोन्हीकडे माझ्यात आणि जगात एक काच असते. फरक एवढाच, की बँकेतल्या काचेपलीकडचे लोक मला बोलतात आणि घरातल्या काचेपलीकडच्यांना मी बोलतो.

विलायती फुटबॉलचं मध्यंतर झालं, की तीन-चार मंडळी टेबलाशी बसून झालेल्या गोष्टी का झाल्या ते सांगतात. आमच्याकडे येणारे ऑडिटर हेच करतात. पण त्यांना कोणी टीव्हीवर घेत नाही. या मंडळींना इंग्रजीत 'पंडित' म्हणतात. शब्द आपलाच. साहेबाने तो कोहिनूरच्याही आधी नेला. मात्र नेताना पुल्लिंगच तेवढं नेलं. आपल्याकडे रमाबाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली 'पंडिता' ही पदवी दिली. बीबीसीच्या टेबलाशी पुरुषांच्या वर्ल्ड कपसाठी ॲलेक्स स्कॉट ही पंडिता बसली, ती २०१८ साली. मी कॉमर्सचा पदवीधर. वजाबाकी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. उत्तर आलं १४०. आणि ही बाई इंग्लंडकडून खेळली होती सामने किती? तेही १४०! हिशेब इतका बिनचूक जुळला, की आम्हां बँकवाल्यांना लगेच संशय येतो.

तर ती बोलायला लागली, की मी म्हणत असे, "बायकांना ऑफसाइड काय कळणार!" हे वाक्य माझं एकट्याचं नव्हे. जानेवारी २०११ मध्ये वुल्व्हज आणि लिव्हरपूल यांच्या सामन्याला सियान मॅसी ही बाई निशाण घेऊन उभी होती. टीव्हीवरचे दोन बडे तज्ज्ञ, माइक बंद आहे अशा समजुतीने, हेच बोलले. पुढे लिव्हरपूलचा गोल झाला. सगळ्यांना वाटलं ऑफसाइड. मॅसीबाईंनी निशाण काही वर केलं नाही. रीप्ले पाहिला तर बाई बरोबर! आठवड्याच्या आत एका तज्ज्ञाची नोकरी गेली आणि दुसऱ्याने राजीनामा दिला. माझी नोकरी शाबूत राहिली, कारण माझा माइक घरातल्या घरात असतो. तो कधीच बंद नसतो, हे मला उशिरा कळलं.

ती रात्र १ डिसेंबर २०२२ ची. वर्ल्ड कपमध्ये जर्मनी आणि कोस्टा रिका यांची मॅच आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाली. पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये बाई रेफ्री असण्याची ती पहिलीच वेळ. स्टेफनी फ्रापार नावाच्या फ्रेंच बाई होत्या. दोन्ही बाजूंची निशाणंही बायकांकडेच. शेजारी आमची चौदा वर्षांची कन्या जागी.

"रेफ्री बघ कसा धावतोय!" मी सवयीने म्हणालो.

"धावतेय," कन्या म्हणाली.

आपल्या भाषेत ही पंचाईत आहे. इंग्रजीतली क्रियापदं चोरपावलांनी चालतात, आपली पैंजण घालून. साहेबाने १९९६ साली 'लाइनमन' खोडून 'असिस्टंट रेफ्री' केलं, 'मॅन ऑफ द मॅच'चं 'प्लेअर ऑफ द मॅच' केलं, की त्याचं काम झालं. आपण 'रेफ्रीने शिट्टी वाजवली' म्हणून एकदा निसटू. पण पुढच्याच वाक्यात तो आला की आली, ते सांगावंच लागतं. मी कन्येला ऐकवलं, "आपला 'माणूस' शब्द बघ, त्यात दोघेही येतात." ती म्हणाली, "मग बाईमाणूस कशाला म्हणता?" मी मॅचकडे बघू लागलो.

विषय बदलावा म्हणून मी तिला ऑफसाइड समजावायला घेतला. "हे बघ, पुढच्या गड्याला चेंडू मिळाला, तेव्हा त्याच्या आणि गोलच्या मध्ये..."

"मिळाला तेव्हा नव्हे ओ," आतल्या खोलीतून, पांघरुणातून आवाज आला. "मागच्याने मारला तेव्हा. पाय चेंडूला लागला, त्या क्षणी कुठं होता ते बघायचं. नंतर पळत पुढं गेला तर चालतंय."

मी टीव्हीचा आवाज बारीक केला. हिचं माहेर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं. तिथे तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि तालमींच्या मॅचला शाहू स्टेडियमवर अख्ख्या पेठा लोटतात. हिचे तिघे भाऊ मॅच बघून येत आणि जेवताना ती पुन्हा पहिल्यापासून खेळत. ही भाकरी वाढत असे. दोन भाकऱ्यांच्या मधल्या वेळात सगळा फुटबॉल शिकली. मी सोलापूरचा, टीव्हीवर शिकलेला. लग्नाला अठरा वर्षं झाली आणि तिला मी कधी काही विचारलं नव्हतं. सांगत मात्र होतो.

"मग तू खेळायला का नाही गेलीस?" मी विचारलं.

"कुठं जाणार? मुलींचा संघच नव्हता."

कन्या उठली. दप्तरातून चार घड्या घातलेला कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला. शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा फॉर्म. तारीख आठ दिवसांपूर्वीची.

"इतके दिवस दाखवला का नाहीस?"

"तुम्हीच म्हणता ना, बायकांना काय कळणार."

खिडकीत मी रोज शेकडो कागद हाताळतो. एवढा जड कागद हातात आला नव्हता. 'खेळाडूचे नाव' यापुढे छापलं होतं 'श्री.' मी ते खोडलं, 'कु.' लिहिलं आणि शेजारी नियमाप्रमाणे सही केली. मग खाली पालकाची सही केली. 'माता' असा रकाना नव्हता. तो आखून फॉर्म आत नेला. हिने पांघरुणातून हात बाहेर काढला, सही केली आणि कूस बदलली. पण झोपली नाही.

जर्मनी ४-२ ने जिंकली, आणि जिंकूनही स्पर्धेबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या कॅशमध्ये शंभर रुपये कमी आले. झोपेपायी गेले असावेत. मी खिशातून भरले. स्वस्तात सुटलो.

आता शाळेच्या मॅचना आम्ही दोघे जातो. परवा कन्या एकटीच गोलकडे धावली, तेव्हा मी सवयीने ओरडणार होतो. आधी हिच्याकडे बघितलं.

"चेंडू सुटला तेव्हा मागंच होती," ही म्हणाली.

मग मी ओरडलो, "पळ!"